दोन बादल्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला पोलिसांची सशस्त्र सलामी होते आणि मग पालखी गावभर फिरते. दारात रांगोळ्या, डोक्यावर रोषणाई, सारं गाव जागं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला असलेला एक तरुण त्या गर्दीत उभा होता आणि त्याचं लक्ष पालखीवरून पुन्हापुन्हा स्वतःच्या गाडीकडे जात होतं. काळ्या बॉनेटवर हॅलोजनचा झोत पडला होता आणि त्या झोताभोवती कोळ्याने विणावं तसं बारीक, गोल जाळं उमटलं होतं. तो दोन पावलं बाजूला सरकला, तर जाळंही त्याच्याबरोबर सरकलं.

गाडी जुनीच घेतलेली, पण हप्ते नवे होते. तिची खरी देखभाल करायचे ते त्याचे वडील. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून पहाटे चहाच्या आधी ते खाली उतरत आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं घेऊन गाडी टपापासून दारांपर्यंत कोरडीच पुसून काढत. मुलगा रात्रपाळीहून येईपर्यंत गाडी लखलखत असे. ते फडकं हाताला इतकं मऊ लागे की त्याने काही इजा होत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

मुलाने आधी दुकानातून चमक आणणारं क्रीम आणलं. ते चोळल्यावर जाळं गेलं, आणि पहिल्याच धुण्यात परत आलं. पनवेलच्या एका गॅरेजवाल्याने मशीन पॉलिशचे सात हजार सांगितले. हप्ता भरून एवढे उरणार कुठून? त्याने गाडी काढली आणि नागोठणे-वडखळमार्गे पेण गाठून पुढे जोह्याला मामाकडे गेला.

पेणच्या आसपास हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घरटी गणपतीचे कारखाने. मामाचाही वडिलोपार्जित कारखाना होता, पण तो सांभाळण्याआधी मामाने काही वर्षं गाड्या रंगवण्याचं काम केलं होतं. हातात रंगाची स्प्रे गन धरलेला माणूस रंगाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्याने भाच्याला गाडी शेडमध्ये, सावलीला लावायला सांगितली, मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि विचारलं, “रोज कशाने पुसता?”

भाच्याने डिकीतून फडकं काढून दिलं. मामाने आरत्यांची एक जुनी, बिघडलेली सीडी शोधली. तिच्या चकचकीत बाजूवर त्याने ते फडकं चार वेळा फिरवलं, जोर न लावता, वडील फिरवत तसंच. मग सीडी टॉर्चखाली तिरपी धरली. गाडीवर होतं तसंच जाळं तिच्यावर उमटलं होतं.

“फडक्याने नाही केलं हे,” मामा म्हणाला. “फडक्यातल्या धुळीने केलं.”

मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या खडी-सिमेंटच्या धुळीने या पट्ट्यातल्या माणसांचं किती नुकसान केलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाड्यांचं नुकसान ती अशी करते. गाडीच्या रंगावर वरून जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या जेमतेम निम्मा. धुळीतले कण त्याहून कठीण असतात. कोरडं फडकं फिरलं की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. रेघा वाटेल त्या दिशेला असतात, पण दिव्याच्या उजेडात त्यातल्या आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. मामाचा पांढरा टेम्पो शेजारीच उभा होता. त्याच्यावरही तेवढ्याच रेघा होत्या. काळ्या रंगाला काही लपवता येत नाही, एवढाच फरक.

भाच्याचा चेहरा उतरला आणि मग तापला. “म्हणजे बाबांनीच केलं हे. उद्यापासून गाडीला हात लावू देणार नाही त्यांना.”

“कसं पुसायचं ते तू सांगितलं होतंस त्यांना?”

“मला तरी कुठे माहीत होतं?”

मामा पुढे काही बोलला नाही. त्याने दोन बादल्या भरल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. भांड्यांचा साबण नाही, तो वॅक्स उतरवतो. आधी गाडीवर भरपूर पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ दिली. मग टपापासून खाली, शाम्पूत बुडवलेला मऊ हातमोजा फिरवायचा आणि दर वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी थोड्याच वेळात रेती बसली. ती एरवी गाडीवर घासली गेली असती. पाणी टिपायला जाड मायक्रोफायबर नुसतं अंथरून अलगद उचललं.

मग मामाने हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवायला सांगितली. डोळ्यांना न दिसणारी खरखर पिशवीतून लगेच लागली. ती काढायला गाडीची खास चिकणमाती मिळते. शाम्पूच्या पाण्यात ओली करून ती हलक्या हाताने फिरवली, काळी पडेल तशी मळून नवी बाजू वर घेतली. कडांना आणि प्लॅस्टिकला चिकटपट्टी लावली, कारण कडांवर थर सगळ्यात पातळ असतो. मग बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब फोमच्या गादीवर. दीड फुटाचा चौकोन घ्यायचा, आधी आडवे, मग उभे हात, पॉलिश पुसट होईपर्यंत. पुसायचं, टॉर्च धरायचा, पाहायचं. पाहण्याआधी स्पिरिटमध्ये पाणी मिसळून एक हात, म्हणजे पॉलिशमधल्या तेलाने झाकलेल्या रेघा उघड्या पडतात. क्रीमने फसवलं ते इथेच. सगळं सामान दीड हजाराच्या आत आलं. खर्च झाला तो खांद्यांचा. दुपारपर्यंत अर्धं बॉनेट झालं, पण त्या अर्ध्यात शेडची कौलं मोजता येत होती.

दाराच्या कडीखाली एक खोल ओरखडा होता. भाच्याला आता हुरूप चढला होता. तो तिथे जोर लावून घासू लागला तशी मामाने त्याचं मनगट धरलं. “नख फिरव.” नख अडकलं. “नख अडकतं तो पॉलिशने जात नाही. तो घालवायला जाशील तर थरच घालवशील.”

त्याने भाच्याला आत नेलं. एक कारागीर साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या हातावर पॉलिश पेपर फिरवत होता. दोनदा घासताच सांधा मिटला आणि तो थांबला, कारण आणखी एकदा घासलं असतं तर बोटाची पेरं सपाट झाली असती. “इथे चुकलं तर लावायला माल तरी आहे,” मामा म्हणाला. “तुझ्या गाडीवर कंपनीने दिलाय तेवढाच आहे.” ओरखडा तसाच राहिला. आजही आहे.

पुढच्या रविवारी मामा स्वतः रोह्याला आला. भाच्याला वाटलं, आता ती सीडी निघणार. मामाने ती जोह्यालाच ठेवली होती.

“भावोजी,” तो म्हणाला, “गाडी आता रोज पुसायची नाही, आठवड्याने धुवायची. याच्याच्याने ते होणार नाही, याची रात्रपाळी. तुम्हालाच शिकून घ्यावं लागेल.”

वडिलांनी बॉनेटच्या झालेल्या आणि राहिलेल्या बाजूकडे आळीपाळीने पाहिलं. चाळीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाच्या नजरेतून काय सुटणार? “म्हणजे माझ्यामुळे झालं हे?”

“धुळीमुळे झालं,” मुलगा चटकन म्हणाला.

मामाने भाच्याकडे एकदा पाहिलं आणि बादलीत पाणी सोडलं.

मग दर रविवारी एकेक भाग होत गेला. पॉलिश मुलगा करी, धुणं वडिलांचं. हातमोजा कितीदा खळबळायचा याबाबत ते मुलापेक्षा कडक झाले. शेवटच्या दाराला वॅक्स लावताना मुलाच्या हातून फडकं जमिनीवर पडलं. त्याने ते उचललं, झटकलं आणि पुन्हा दाराकडे नेलं.

“ए! ठेव ते,” वडील ओरडले. “खाली पडलेलं फडकं गाडीला लावायचं नाही. दुसरं घे, दोरीवर आहे.”

मुलगा मुकाट दोरीकडे गेला.