निजलेले बी आणि आपला निकाल



"त्याच्याकडून आता काही व्हायचे नाही, फादर." एका तरुणाविषयी कुणीतरी असे म्हणाले आणि, खरे सांगतो, मीही मान डोलावली. वडील वारल्यापासून त्याचे काम सुटले, घराबाहेर पडणे बंद झाले. मी दोनदा भेटायला गेलो. तो बोलला नाही. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

पुढे एका शेतकऱ्याशी भुईमुगाविषयी बोलणे झाले. उपट्या भुईमुगाच्या दाण्याला बहुधा सुप्तावस्था नसते. काढणीच्या वेळी पाऊस लागला, की शेंगेतच मोड येतात आणि हातचे पीक जाते. पसऱ्या भुईमुगाचा दाणा मात्र काही आठवडे निजून राहतो. ओल मिळाली तरी उठत नाही. हे निजणे म्हणजे आळस नव्हे. अवेळी उगवून मरू नये म्हणून निसर्गाने केलेली ती राखण आहे. आतला श्वास मंद असतो, थांबलेला नसतो.

शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मोड मोजतो. पण काढणीनंतर लगेच हीच परीक्षा घेतली, तर पसऱ्याचा चांगला दाणाही नापास होईल. म्हणून जाणता माणूस तो फेकत नाही. काही आठवडे थांबतो आणि पुन्हा ओल देऊन पाहतो.

पवित्र भूमीतील मसादा किल्ल्याच्या उत्खननात 1960 च्या दशकात खजुराच्या बिया सापडल्या. त्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जवळजवळ प्रभू येशूच्या काळातल्या. त्यांतली एक 2005 साली पेरली आणि तिला कोंब फुटला. तोवर नुसते पाहून तिला जिवंत कोण म्हणाले असते?

बी कुजतेही, हे खरे आहे. विश्रांतीच्या नावाखाली माणूस आळसही करतो. तेव्हा स्वतःला जरूर विचारावे : मी निजलो आहे, की चुकवतो आहे? पण दुसऱ्याच्या बाबतीत निकाल देण्याची घाई कशाला? आपले काम ओल देण्याचे. एकदा मोड आला नाही, तर पुन्हा देण्याचे.

गेल्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा त्याच्या घरी गेलो. आम्ही चहा घेतला. तो फारसे बोलला नाही. या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

तुमच्या गल्लीतही असे एखादे बंद दार असेल. ते पुन्हा एकदा वाजवाल ना?

आपला,
फादर