मान आणि मोबदला

मनुष्याला पैसा मिळाला म्हणजे त्याचा मान वाढतो, असें आपण सहज बोलतों. त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, गरिबाच्या पदरांत चार पैसे अधिक पडले म्हणजे उच्चनीचतेचा प्रश्न आपोआप सुटेल. हा समज कितपत खरा आहे, ह्याचा वाचकांनीं शांतपणें विचार करावा.

प्रथम आपला जुना गांवगाडा पाहा. बलुतेदारांच्या तीन कासा असत, आणि ज्याची जी कास तिच्या मानानें त्याला खळ्यावरील धान्याचा वांटा मिळे. ह्या याद्या सर्वत्र सारख्या नव्हत्या. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ च्या कोशांत जी एक यादी आहे, तींत सुतार, लोहार, महार व मांग हे थोरल्या कासेंत आहेत. कुंभार, चांभार, परीट व न्हावी मधल्या कासेंत. आणि भट, मुलाणा, गुरव व कोळी धाकट्या कासेंत. म्हणजे ह्या यादीप्रमाणें धान्याच्या वांट्यांत महार हा भटाच्या वर होता! तरी भटाचें घर गांवांत आणि महाराचें वेशीबाहेर.

असें कां व्हावें? वांटा हा एका सुगीचा असतो. प्रतिष्ठा ही पुढच्या सर्व सुग्यांची किल्ली असते. भटाला अक्षरओळख, दक्षिणा, इनाम व दरबारची चाकरी हीं दारें उघडीं होतीं. महाराला गांवकीच्या व सरकारच्या कामासाठीं रात्रीं-अपरात्रीं बोलावणें येई. तें टाकून दुसरा धंदा धरावा, तर वाट बंद. वतनाची जमीन भावाभावांत वांटली जाऊन तुकडे होत. कामाचा भार मात्र साऱ्या घराच्या मानेवर तसाच राही. तीं वतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला.

आतां उलट बाजू पाहूं. १९१७ सालीं बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंत व लंडनला शिकून बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, हुद्दा होता, पगार होता. पण राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत ते पारशी नांवानें राहिले. जात कळतांच हातांत काठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले आणि त्यांना तेथून निघावें लागलें. त्या दिवशीं गाडीची वेळ होईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेंत बसून राहिले, आणि मग मुंबईस परतले. पगारानें मान विकत मिळाला नाहीं. उलट मान नाहीं म्हणून पगारही सोडावा लागला.

ह्या दोन उदाहरणांवरून असें दिसतें कीं, प्रतिष्ठा ही दारावरच्या पहारेकऱ्यासारखी आहे. मिळकत घरांत येईल कीं नाहीं, आणि आली तर टिकेल कीं नाहीं, हें ती ठरविते.

आज बलुतें गेलें आणि रोख मजुरी आली. पण तो पहारेकरी गेला काय? समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला, तरी खुरपणाऱ्या बाईच्या हातावर पुरुषाहून कमी पैसे ठेवणारीं शेतें पुष्कळ आहेत. कोणी म्हणेल, पुरुषाचें काम जड असतें. मग दिवसभर उन्हांत कंबर वांकवून बसणें हलकें, असें कोणीं ठरविलें? तें बाईचें काम म्हणून हलकें ठरलें. म्हणजे आपण काम मोजीत नाहीं. करणाऱ्याची पायरी मोजतों, आणि तिलाच मजुरी म्हणतों.

दान देणें सोपें आहे, कारण दानानें देणाऱ्याचा मान वाढतो. न्याय्य मजुरी देणें कठीण आहे, कारण तिच्यानें घेणारा आपल्या बरोबरीचा होतो. म्हणून, वाचकहो, येत्या आठवड्याच्या बाजारीं मजुरी चुकवितांना प्रत्येकानें स्वतःला एक प्रश्न विचारावा: हेच काम माझ्या भावानें केलें असतें, तर मीं त्याला किती दिले असते? आणि ते पैसे देतांना मीं त्याला उंबऱ्याबाहेर उभें ठेविलें असतें काय?