दिवा आपला, धूर कोणाचा?



आपल्या घरात कोणता दिवा लावावा, हे सरकारने ठरवावे काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि सर्वांचे हित यांतला जुना झगडा त्यात दडलेला आहे.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २००९ पासून १०० वॅटचे साधे बल्ब बाजारात आणण्यास मनाई केली आणि २०१२ पर्यंत त्याहून लहान बल्बही टप्प्याटप्प्याने बंद केले. जर्मनीत अनेकांनी बल्बचा साठा करून ठेवला. त्यांचा राग आपण हसण्यावारी नेऊ नये. घर ही माणसाची हक्काची जागा. कायद्याने तेथे जपूनच पाऊल टाकावे.

मात्र साध्या बल्बला मिळणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड होतो. बाकीची उष्णता होऊन वाया जाते. 'बिल आम्ही भरतो, मग इतरांचे काय जाते?' असे आपण म्हणतो. पण बिलात विजेची किंमत असते, धुराची नसते. मुंबईच्या उपनगरांना वीज मिळावी म्हणून आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला कोळसा जळतो. दिवा एकाच्या घरी, धूर दुसऱ्याच्या दारी.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा ही सर्वांच्या हितासाठी केलेली विवेकाची आज्ञा होय. तेच सांगतात की, मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. मुख्यतः इतरांना अपाय करणाऱ्या गोष्टी रोखाव्यात. युरोपचा नियम या कसोटीला उतरतो, असे आम्हांला वाटते. त्याने विक्री रोखली. घरात लावलेला बल्ब कोणी काढून नेला नाही.

दुसरी कसोटी गरिबाची. महाग दिवा ज्याला परवडत नाही, त्याच्यावर नियमाचा भार टाकणे अन्यायाचे आहे. आपल्या देशात २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेने बंदी न घालता ९ वॅटचे एलईडी बल्ब स्वस्तात दिले. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिट लागतात; ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. ही बचत गरिबाच्याच हाती राहते.

तरीही एक काम कोणत्याच कायद्याला जमणार नाही. दिव्याचा खर्च कमी झाला, की तो रिकाम्या खोलीतही जळत राहतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. कायदा बल्ब बदलू शकतो; बटणावरचा हात आपलाच असतो.

आज निजण्यापूर्वी घरातून एक फेरी मारू या. ओटीवर, माडीवर, जिन्यात जो दिवा कोणासाठीच जळत नाही, तो आपल्या हाताने बंद करू या.