कोऱ्या पानाचा मोह

'पानशेतच्या दऱ्या' हे शब्द पडद्यावर धड उमटायचे तर टंकाला 'ऱ्य' यायला हवा. नाहीतर दऱ्यांचा दर्या होतो आणि पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात समुद्र येतो. हिंदीचे या 'ऱ्य'वाचून अडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून नवा टंक करणारा तो सहज विसरतो. मुक्त सॉफ्टवेअरमधला एक जुना वाद मी या अक्षराच्या बाजूने बघतो. चित्रांची, अक्षरांची साधने शून्यापासून करावीत की आधीच्यांच्या कामावर चढवावीत?

सुरुवातीला पारडे शून्याकडे झुकले होते, आणि ते उगाच नाही. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी गिंप हे चित्रसंपादनाचे साधन लिहिले तेव्हा खिडक्या-बटणांसाठी मोटिफ हा मालकीचा संच घेतला होता. तो जाचू लागला तसा मॅटिसने जीटीके हा स्वतःचा संच लिहिला. पुढे त्याच्यावर नोम हे अख्खे डेस्कटॉप उभे राहिले. असे यश पाहिले की कोऱ्या पानाचा मोह कुणालाही पडतो.

1998 मध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या मथियास एट्रिखने उलटी वाट धरून गिंपलाच क्यूटी या संचाचा चेहरा बसवून दाखवला. गिंपवाले भडकले आणि ते काम बासनात गेले. केडीईवाल्यांनी मग पुढच्याच वर्षी चित्रसाधनाची आपली वेगळी चूल मांडली. ती लोकांच्या हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे गेली, नाव दोनदा बदलले. आज त्या साधनाला क्रिता म्हणतात. माझ्या मते ही किंमत बरीचशी मानापमानाचीच होती (क्रिताप्रेमींनी खुशाल रागवावे). सर्वांना सर्व काही देण्याचा नाद सोडून फक्त चित्रकारांसाठी काम करायचे ठरल्यावरच क्रिताला स्वतःचा सूर सापडला.

2003 मध्ये सोडीपोडी या रेखाचित्रांच्या साधनातून फुटलेल्या चौघांनी इंकस्केप काढले. सोडीपोडीही राफ लेव्हियनच्या गिलवरून आलेले. भांडून वेगळे झाले, तरी जुना कोड फेकला नाही; सी भाषेतला तो कोड वापर चालू ठेवून तुकड्यातुकड्याने सी प्लस प्लसमध्ये नेला. गिंपने चित्रप्रक्रियेचा गाभा बदलण्याचा विचार 2000 च्या सुमारास केला, तो जवळपास पूर्ण उतरला 2018 च्या 2.10 आवृत्तीत. फार उशीर, पण त्या अठरा वर्षांत वापरणाऱ्याचे काम एक दिवसही थांबले नाही.

पुण्यात हा वाद वेगळ्या अंगाने आला. मॉड्युलर इन्फोटेकने केलेले टंक रेड हॅटने लोहित या नावाने खुले केले. 2011 मध्ये ते ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. पुढे त्यांचे काम पुन्हा हाती घेतले तेव्हा अक्षरांची वळणे ठेवली आणि नियमांचे तक्ते नव्याने लिहिले. टंकात चित्र वेगळे आणि नियम वेगळा असतो. र, हलन्त, य असा क्रम आला की य वर रफार चढवायचा. ऱ, हलन्त, य आला की 'ऱ्य' काढायचा. चित्र चांगले असले तरी नियम चुकला की दऱ्या बुडाल्या. तेव्हा प्रश्न शून्य की जुने हा नसून कुठला थर नव्याने करायचा हा आहे.

इथल्या पानशेत धरणाचेही तेच झाले. 12 जुलै 1961 ला ते फुटले तेव्हा पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. पुढे धरण पुन्हा बांधले ते आंबी नदीवरच. नदी किंवा खोरे बदलले नाही.

हा थर निवडण्याची मुभा परवाना देतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून आयआयटी मुंबईत शोभिका झाली, संस्कृत ग्रंथांना लागणारी जोडाक्षरे आणि वैदिक चिन्हे तिच्यात भरली. तिला यशोमुद्रेची मुळाक्षरे पुन्हा काढावी लागली नाहीत. ओपन फॉन्ट परवान्याच्या अटींपैकी इथे कामाच्या दोन: बदललेला टंक त्याच परवान्याखाली खुला राहावा आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदलणाऱ्याने दुसरे घ्यावे. 1998 मध्ये गिंप आणि केडीई यांच्यात अशी सरळ अट आधीच ठरलेली असती, तरी माणसे भांडली असतीच. पण कदाचित चित्राच्या साधनावरून नव्हे, नुसत्या नावावरून.