सरबताचा ग्लास कोणासाठी?

आजचे वाचन : लूक ७:३१-३५



आजच्या वाचनात प्रभू येशू त्या काळच्या लोकांना बाजारात बसलेल्या हट्टी पोरांची उपमा देतो. काहीही करा, त्यांचं समाधान नाही. बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारसाला शिवत नव्हता, तर लोक म्हणाले याला भुताने धरलंय. येशू सगळ्यांच्या पंगतीला बसला, तर म्हणाले हा पिणारा आहे. प्या किंवा पिऊ नका, शिक्का तयारच!

मी दारू घेत नाही, म्हणून हे दोन्ही शिक्के माझ्या चांगले ओळखीचे. ऑफिसच्या पार्टीत विचारतात, "तू ख्रिश्चन ना रे? मग घेत कसा नाहीस?" आणि इकडे वसईत घरच्या लग्नात टोस्टच्या वेळी सरबताचा ग्लास उचलला की, "काय, फादर व्हायचंय का?"

पहिला शिक्का आला कुठून? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत चोरून दारू विकणारे अड्डे वाढले. त्यातले काही ख्रिस्ती बायका पोटासाठी चालवत. 'आंटीचा अड्डा' हा शब्द तेव्हाचा. विकणारे आणि पिणारे सगळ्याच धर्मांचे होते, पण सिनेमात शिक्का बसला तो आपल्यावर. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त भाऊ तीन, पण दारूचा गुत्ता चालवतो तो अँथनी.

अशा वेळी तोंडावर एक वाक्य येतं : "आम्ही सगळे तसे नसतो." वाक्य खरं आहे, पण ते काय करतं बघा. ते 'आम्ही' आणि 'ते' अशी वाटणी करतं. आणि 'ते' म्हणजे कोण? रविवारी मिस्सानंतर जेवणाआधी एक पेग घेणारे माझेच काका, जे गावात कोणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी धावतात. समाजाचं नाव धुवायला म्हणून मी दारू टाळली, तर माझ्या ग्लासात काय असावं हे टिंगल करणाराच ठरवणार. आणि वर माझी माणसं मला कमी वाटू लागणार.

प्रभूला दारूबाज म्हटलं, तेव्हा त्याने खुलासा दिला नाही. पंगती सोडल्या नाहीत. आजचं वाचन ३५ व्या ओवीला संपतं, आणि ३६ व्या ओवीत तो पुन्हा एका परुशाच्या घरी जेवायला बसलेला आहे!

शास्त्र द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. काना गावचं लग्न आपल्याला माहीत आहे. यिर्मयाच्या ३५ व्या अध्यायात रेखाबी लोकांपुढे मंदिरात द्राक्षारस ठेवला जातो आणि ते नाही म्हणतात, कारण पूर्वजाने तसं सांगितलेलं. देव त्यांचं कौतुक करतो ते वडिलांचा शब्द पाळला म्हणून. बाकीच्या यहूदाला तो द्राक्षारस सोडायला सांगत नाही.

मग सोडायची कशासाठी? संत पौल रोमकरांस पत्र १४:२१ मध्ये कारण देतो, आणि त्यात समाजाच्या अब्रूचा विषयच नाही. तिथे एक भाऊ आहे, जो माझ्या पिण्याने अडखळेल. माझ्या एका चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. घरी त्याला जमतं, लग्नात जड जातं. बाटली फिरत येते तेव्हा टेबलावर सरबताचा एकच ग्लास असणं वेगळं आणि दोन असणं वेगळं. कोणी म्हणेल, मग तो नसेल तिथे घे की! पण टेबलावर कोण झगडतोय हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

आयर्लंडच्या लोकांचीही अशीच टिंगल होते. डब्लिनचा हमाल मॅट टॅल्बट पोरवयापासून पीत होता. १८८४ मध्ये, २८ व्या वर्षी, त्याने शपथ घेतली, तीसुद्धा आधी फक्त तीन महिन्यांची. मग तो जुन्या उधाऱ्या फेडत फिरला. देशाचं नाव काय होतं याची नव्हे, आपण कोणाचं देणं लागतो याची त्याला चिंता. १९७५ मध्ये चर्चने त्याला 'व्हेनरेबल' घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी.

तेव्हा पुढच्या लग्नात कोणी विचारलं, "का घेत नाहीस?" तर भाषण नको. "नको, सरबत चांगलंय" एवढं पुरे. आणि टेबल सोडून जाऊ नका. ज्याला तुमची सोबत हवी आहे तो तिथेच बसलाय.

प्रार्थना : हे प्रभू येशू, लोकांनी तुला नावं ठेवली तरी तू पंगत सोडली नाहीस. माझा नकार कोणाला हिणवणारा नसो, कोणाला तरी आधार देणारा असो. आमेन.