पोहोचले तरच शिकविले

गुरू आणि शिष्य यांच्यात अंतर किती असावे, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही सांगू की, बाबा रे, हे अंतर कोसांनी मोजण्याचे नव्हे. तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तो स्वप्नात, माघ शुद्ध दशमीस. बहिणाबाई कोल्हापुरात आणि तुकोबाराय देहूत. दृष्टभेट नाही, तरी तिच्यावर कृपा झाली, तीही स्वप्नातच. आणि मुक्ताबाई? ज्ञानोबाराय रुसून ताटी लावून आत बसले आणि ही चिमुरडी बहीण बाहेर उभी राहिली. मध्ये बंद दार. पण तिचे बोलणे त्या दारापाशी थांबले का? ते आत गेले आणि दार उघडले.

तेव्हा दुरून शिकविणे आपल्या संप्रदायाला नवे नाही. प्रश्न निराळाच आहे. दुरून बोललेले पोहोचते ते कशाच्या बळावर? आवाज मोठा केला म्हणून पोहोचते, की आणखी काही लागते? याचे उत्तर आम्हांस पोथीत शोधावे लागले नाही. एका सातवीतल्या मुलीने ते आमच्या पदरात टाकले. ते कसे, ते सांगतो.

सन २०२० चे वर्ष कोण वारकरी विसरेल? साथीमुळे पायी वारी निघाली नाही. आषाढ शुद्ध दशमीस, ३० जून रोजी, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. आपण घरी बसून डोळे पुसले. शाळांचीही तीच गत. मार्चात बंद झालेल्या शाळा जूनमध्ये उघडल्याच नाहीत; शिक्षक आपल्या घरी, मुले आपल्या घरी, आणि मध्ये फोन. ज्याच्या घरी फोन त्याची शाळा. ज्याच्या घरी नाही, त्याचे काय?

पुढे २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. माळशिरस तालुक्यात एका घरी आमच्या दिंडीच्या चार-सहा जणांचा वर्षानुवर्षांचा उतारा आहे. घरचे तात्या जुने टाळकरी. दोन वर्षांनी पाय लागले म्हणून म्हातारा गळ्यात पडून रडला. रात्री हरिपाठ झाला, पिठलं-भाकरी झाली आणि ओट्यावर बसलो असता तात्यांची नात जवळ आली. म्हणाली, “महाराज, एक विचारू? माझ्या बाई माझ्याशी खोटं बोलल्या. त्यांना पाप लागंल का?”

आम्ही चमकलो. म्हटले, “अगं, काय झालं ते तरी सांग.”

तिने सांगितले ते असे. साथीच्या वर्षी ती सातवीत. घरात फोन एकच, आणि तो बापापाशी. बाप दुधाच्या गाडीवर. पहाटे जायचा तो रात्री आठाला यायचा. बाईंचा वर्ग फोनवर सकाळी दहाला. म्हणजे वर्ग भरे तेव्हा फोन रस्त्यावर. पोरीने हे कोणाला सांगितले नाही. लाज वाटली. रात्री बाप आला की दिलेला अभ्यास पाहायचा, पुस्तक वाचून वहीत उतरवायचा आणि त्याचा फोटो पाठवून द्यायचा, असे चालले. इतर विषय रेटले. गणितात मात्र गाडी रुतली. उणे संख्येला उणे संख्येने गुणले तर उत्तर अधिक कसे येते, हे काही केल्या समजेना. उदाहरणे चुकली. पुन्हा चुकली. पोरीने मनाशी घेतले की आपण ढ आहोत. तात्या मध्येच म्हणाले, “आईसंगं खुरपायला जाते म्हणाली वो, महाराज. पाटी-दप्तर बांधून माळ्यावर टाकलं हुतं.”

बाईंनी काय पाहिले असेल? फोटो रोज रात्रीच येतात, हे पाहिले. वहीवर दिव्याची सावली पडते, हे पाहिले. पुस्तकातून येण्याजोगे सारे बरोबर आणि तोंडाने सांगितल्याशिवाय न येणारे तेवढे चूक, हे पाहिले. त्या काय ते समजल्या. त्यांनी “वर्गाला का येत नाहीस?” असे एका शब्दाने विचारले नाही. एके रात्री साडेआठाला त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “अगं, आज ते उणे-उणेचं गणित मला वर्गात नीट समजावता आलं नाही बघ. तुला एकदा करून दाखवू का? तुला कळलं म्हणजे मला कळेल, माझी रीत बरोबर आहे की नाही.”

आणि बाईंनी रीत तरी कोणती काढावी! म्हणाल्या, “तुमच्या घरी माळ आहे ना? तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ठाऊक आहे ना? समज, एका गरिबावर पाच-पाच रुपयांची तीन खते होती. पाचाचे देणे म्हणजे उणे पाच. तशी तीन खते काढून टाकली, म्हणजे उणे तीन वेळा. आता तो गरीब किती रुपयांनी वर आला?” पोर म्हणाली, “पंधरा!” झाले. जे महिनाभर डोक्यात शिरेना, ते नदीत बुडालेल्या खतांनी तरंगून वर आणले.

तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटे. रोज बाईंचे म्हणणे एकच, “आज मला जरा जमलं नाही गं.” एकदा गाडी बिघडली आणि बाप साडेदहाला आला. पोरीने भीत भीत फोन लावला. पहिल्याच घंटीला बाई म्हणाल्या, “बोल, मी जागीच आहे.” माळ्यावरचे दप्तर खाली आले.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले. पोर शाळेत गेली. मैत्रिणींना सहज म्हणाली, “बाईंना यंदा गणित शिकवायला लई जड गेलं, न्हाई का?” मैत्रिणी हसल्या. “छे गं! बाईंनी तर पहिल्या झटक्यात समजावलं सगळं.” तेव्हा हिच्या ध्यानात आले. आणि दीड वर्ष ते मनात ठेवून तिने आम्हांस विचारले, बाईंना पाप लागंल का?

सज्जनहो, आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. खरे सांगतो, देता आले नाही. दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या वाटेने चालताना तोच प्रश्न टाळाबरोबर वाजत होता. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत वाणीचे तप सांगतात. बोलणे दुसऱ्याला दुखविणारे नसावे, खरे असावे, गोड असावे, हिताचे असावे. बाईंच्या बोलण्याने कोणी दुखावले नाही. ते गोड होते, हिताचे होते. अडले ते एका खरेपणापाशी.

आणि मग मागे वळून पाहिले. दिंडीच्या शेवटी एक म्हातारी पाय ओढीत येत होती आणि विणेकरी तिच्यासाठी थांबला होता. दिंडी मुक्कामी पोहोचली असे आपण केव्हा म्हणतो? विणा पोहोचला म्हणजे? नव्हे. शेवटची म्हातारी पोहोचली म्हणजे. शिकविण्याचेही तसेच आहे. वर्गातल्या बाकी सर्वांना समजले आणि एका लेकराला ते पोहोचलेच नाही, तर शिकविणे पुरे झाले कुठे? म्हणजे “मला नीट समजावता आलं नाही” हे बाईंचे बोलणे अक्षरशः खरे होते! उणेपण लेकराच्या अंगावर न ठेवता त्यांनी ते आपल्या अंगावर घेतले, एवढेच. त्या पोरीचे खत त्यांनी आपल्या हाताने बुडविले.

आता आमचीही लाज सांगतो. त्याच काळात आम्ही फोनवरून प्रवचने केली. किती जणांनी ऐकले तो आकडा रोज पाहत होतो आणि सुखावत होतो. कोणाला ऐकू आले नाही, कोणाच्या घरी फोनच नाही, हे एकदाही विचारले नाही. माळ आमच्या गळ्यात, आणि वारकऱ्याचे वर्म त्या बाईंच्या हाती! आपला देव कोणता? पुंडलिक आईबापांच्या सेवेतून मोकळा होईपर्यंत विटेवर थांबलेला. “का आला नाहीस?” असे तो विचारीत नाही. तो वाट पाहतो.

म्हणून मागणे इतकेच. घरात, शाळेत, दिंडीत, कीर्तनात कोणी मागे राहिलेला दिसला तर त्याला खडसावून पुढे ओढू नका. आपण दोन पावले मागे या, आणि “मलाच जरा जमलं नाही” असे म्हणून त्याच्या जोडीने चाला.

आणि त्या लेकीला आमचा निरोप, जो त्या रात्री देता आला नाही: बाळ, तुझ्या बाई खोटं बोलल्या नाहीत.

रामकृष्णहरी.