दहावा माणूस आणि षड्ज

वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हा वेळ मोजला आणि 1974 साली आपले निष्कर्ष मांडले. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही, की प्रश्न दुसऱ्या मुलाकडे जाई, नाहीतर शिक्षकच उत्तर सांगून टाकत. थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले, की मुलांची उत्तरे लांबत, मुले आपणहून बोलू लागत, 'मला असं वाटतं, कारण...' अशी वाक्ये कानावर येत.

तीन सेकंद थांबा. शिक्षकांना देण्याजोगी याहून सोपी सूचना शोधून सापडणार नाही. तिला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत, ती समजायला अर्धे मिनिट पुरते. प्रशिक्षणाच्या सभागृहात ती कुणी नाकारतही नाही. आणि सोमवारी फळ्यासमोर उभे राहिल्यावर, चाळीस चेहरे आपल्याकडे बघत असताना, दुसरा सेकंद सोसवत नाही. जीभ पुढे धावलेली असते.

ऐकले, समजले, पटलेही. तरी हातून झाले नाही. या दोहोंच्या मधे नेमके काय आडवे येते? शिक्षणशास्त्र ही गोष्ट गेली काही दशके मोजू पाहते आहे. वेदान्ताच्या परंपरेत मात्र याच प्रश्नावरून हजार वर्षांपूर्वी पंडितांमध्ये दोन तट पडले होते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि मैत्रेयीला संपत्तीऐवजी ज्ञान हवे आहे. आत्म्याविषयी ऐकावे, त्याचे मनन करावे, निदिध्यासन करावे, असे ते तिला सांगतात. श्रवण म्हणजे ऐकणे, मनन म्हणजे शंका घेऊन तपासून पाहणे, निदिध्यासन म्हणजे तेच पुन्हा पुन्हा चित्तात घोळवून मुरवणे. पुढच्या आचार्यांपुढे पेच उभा राहिला तो असा: या तिन्हींपैकी ज्ञान नेमके कशाने होते?

पंचपादिकाविवरण लिहिणाऱ्या प्रकाशात्म्यांचा पक्ष म्हणतो, श्रवणाने. या पक्षाचा आवडता दाखला दहा प्रवाशांचा. नदी ओलांडून दहा जण काठावर येतात, प्रत्येक जण इतरांना मोजतो, स्वतःला विसरतो आणि नऊच भरले म्हणून सगळे रडू लागतात. वाटेवरचा एक जण मोजणाऱ्याला म्हणतो, 'अरे, दहावा तूच.' संपले. त्या माणसाला आता सराव करायचा नाही. एका वाक्याने ज्ञान झाले.

मिथिलेचे वाचस्पती मिश्र हे मानत नाहीत. त्यांच्या 'भामती' टीकेतला दाखला गाण्यातला आहे. षड्जापासूनचे स्वर आणि मूर्च्छनांचे भेद प्रत्यक्ष ऐकू येतात ते गांधर्वशास्त्राचा अभ्यास करून तयार झालेल्या कानाला. स्वर तोच, कानही तोच. मधे संस्कार झालेला असतो. नुसत्या शब्दाने कळते ते परोक्ष राहते, साक्षात्काराला घडवलेले मन लागते, असे वाचस्पतींचे म्हणणे.

त्यांचा वाद आत्मज्ञानाचा होता. दुसरीच्या वर्गात वाचन कसे घ्यावे, याची त्यांना चिंता नव्हती, आणि त्यांचे शब्द ओढून-ताणून शाळेत आणणे योग्यही नाही. पण माणूस जाणतो कसा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि शिक्षकांच्या शिक्षणावरचे संशोधन वाचताना वाचस्पतींचा कान आठवल्यावाचून राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतातला प्रयोग त्यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. तिथली मुले पहिल्या वर्षांत आपल्या घरच्या सेत्स्वाना भाषेत वाचायला शिकतात. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा योगायोगाने शाळा निवडल्या. एका गटातल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून काही दिवसांचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटातल्या शिक्षकांकडे वाचनशिक्षणाची जाणकार व्यक्ती ठरावीक काळाने वर्गात जाऊन बसे, पाठ बघे, बोले. पाठांचे टाचण दोन्हीकडे तेच, वाचनाची पुस्तकेही तीच. दोन वर्षांनी वाचन तपासले, तेव्हा दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनावरचा परिणाम पहिल्या गटाच्या सुमारे दुप्पट होता. छोट्या गटांना जवळ बसवून एकेका मुलाचे वाचन ऐकण्यासारखी कठीण रीतही त्याच शिक्षकांनी अधिक उचलली. ती रीत कागदावर दोघांनाही मिळाली होती.

म्हणून वर्गात माणूस पाठवला की झाले, असे मात्र नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अशा 60 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. शिकवण्याच्या पद्धतीवरचा परिणाम चांगलाच मोठा होता, मुलांच्या गुणांवरचा त्याहून बराच लहान; आणि कार्यक्रम शेकडो शिक्षकांपर्यंत वाढवला, की दोन्ही परिणाम घसरत. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने वाचनाविषयी करवलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शिक्षकांचे ज्ञान वाढले, पण मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. प्रशिक्षणाच्या जोडीला शाळेत मार्गदर्शक दिले होते, तिथेही नाही. शिक्षकांचे जाणणे वाढते आणि मुलांचे शिकणे जागच्या जागी राहते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

मग दहाव्या माणसाची गोष्ट खोटी म्हणायची का? तसेही नाही. विस्कॉन्सिनमधल्या थॉमस कारपेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा यांनी पहिलीच्या 40 शिक्षकांना घेऊन केलेला अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शिक्षकांना उन्हाळ्यात चार आठवडे एकच विषय दिला होता: बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे लहान मुले आपल्या डोक्याने कशी सोडवतात. 'असे शिकवा' म्हणून काहीही सांगितले नाही. ते शिक्षक वर्गात परतले ते मुलांना 'तू हे कसं केलंस?' असे विचारू लागले आणि उत्तर ऐकू लागले. इथे श्रवणाने काम केले, कारण जे ऐकले ते रोज समोर बसलेल्या मुलाच्या तोंडून पुन्हा ऐकू येत राहिले. एकदा दिसलेली गोष्ट वर्ग त्यांना विसरू देत नव्हता.

विवरणकारांनीही अडथळ्यांचा विचार सोडलेला नाही. ऐकूनही ज्ञान फळत नाही, तेव्हा त्याआड दोन गोष्टी असतात, असे हा पक्ष मानतो. एक असंभावना, म्हणजे हे असे असणे शक्यच नाही ही शंका. ती मननाने जाते. दुसरी विपरीतभावना, म्हणजे जुन्या सवयीने पुन्हा उलट दिशेला ओढणारे मन. तिला निदिध्यासनच लागते. आज प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्याला हा भेद फार मोलाचा वाटावा. शिक्षक झपाट्याने सुधारतात ती नोकरीची पहिली काही वर्षे, पुढे वेग मंदावतो. माइक हॉबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचे कारण सवयीत शोधले: तेच वर्ग, त्याच वेळा, तेच प्रसंग, हात आपोआप चालू लागतो आणि नवे ऐकलेले त्या हातापर्यंत पोचत नाही. ही विपरीतभावनाच. ती आळस नव्हे, अज्ञानही नव्हे. अनुभवी गुरुजींना 'तुम्हाला बदलायचंच नाही' असे सुनावणारे या भेदाकडे पाहत नाहीत, आणि त्यात त्या गुरुजींवर अन्याय होतो.

असंभावना कशी फिटते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बघायला काही वर्षांपूर्वी राज्यभरातून शिक्षक येत. जमिनीवर बसून स्वतः मांडणी करत शिकणारी मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली. साध्या सरकारी शाळेत, आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांकडून हे होते, हे एका दिवसात कळते. त्यासाठी वर्षभराचा सराव लागत नाही. तो दहाव्या माणसाचा क्षण. परतीच्या एसटीत तो क्षण सोबत असतो. पण गावी पोचल्यावर विपरीतभावना दारात उभी असते, आणि तिच्याशी गाठ पडते तेव्हा शिक्षक सहसा एकटा असतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दरवर्षी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे 50 तास श्रवणातच संपवायचे, की त्यांतले बरेचसे वर्गात, कुणाच्या तरी सोबतीने खर्च करायचे, हे धोरणाच्या आकड्यात लिहिलेले नाही. ते तालुक्याच्या आणि केंद्रशाळेच्या पातळीवर ठरते.

जपानी शिक्षक ही सोबत पाठाच्या अभ्यासातून मिळवतात. ते मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, आणि त्यांची नजर शिकवणाऱ्यापेक्षा मुलांवर अधिक असते. नंतरची चर्चा पाठाची. तो पाठ सगळ्यांनी मिळून घडवलेला असल्यामुळे चूकही कुणा एकाच्या माथी येत नाही. आपल्याकडे जवळच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला हे रूप देता येईल. माणसे तीच आहेत, शाळाही एकमेकींपासून फार लांब नाहीत.

मैत्रेयीची एक गोष्ट इथे आठवते. याज्ञवल्क्यांचे बोलणे ऐकून ती थेट म्हणते, की तुम्ही मला गोंधळात टाकलेत. मग ते पुन्हा समजावतात. ज्या सभागृहात शंभर शिक्षक रांगेत बसले आहेत, तिथे हे वाक्य कोण म्हणेल? ते म्हणायला ओळखीचे, विश्वासाचे माणूस समोर लागते, आणि चुकीची नोंद कुठे होणार नाही याची खात्री लागते.

मेरी बड रो यांच्या निष्कर्षांतला एक भाग सभागृहांत कमी सांगितला जातो. थांबणे वाढले, तसा उत्तर देणाऱ्या मुलांत बदल झाला. शिक्षकांनी ज्यांना कच्ची म्हणून बाजूला ठेवले होते, ती मुले बोलू लागली; आणि त्या मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची, हे शिक्षकांच्या मनातही बदलत गेले. पहिल्या सेकंदाला जे मूल गप्प असे, त्याचे उत्तर तिसऱ्या सेकंदाला येत होते.